पिकअपला ऑल टेरेन (ए/टी) टायर टाकू का? नक्षी बघायच्या आधी जरा टायरवरचे आकडे बघा

२२ सप्टेंबर २०२५ ला टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरनं १८ वर आला आणि तेव्हापासनं पाहुण्यात, मित्रात ज्याच्याज्याच्याकडं पिकअप आहे तो एकच प्रश्न विचारतोय, "ए/टी टाकू का?" म्हणजे करासकट १२,८०० ला पडणारा टायर ११,८०० ला पडायला लागला, चार टायरमागं चार हजार वाचले, आणि ते चार हजार खिशात ठेवायचे सोडून माणूस अजून आठ हजार घालून जाड नक्षीचा टायर घ्यायला निघतो.

माझा मावसभाऊ पण निघाला. त्याची शेती शाहूवाडीकडं, गाडी डबल कॅब पिकअप, फोर बाय फोर नाही, साधी मागच्या चाकांना पॉवर असलेली. मोबाईलवर कुणाचा तरी राजस्थानातल्या वाळूत गाडी पळवायचा व्हिडिओ बघून आला आणि म्हणाला, "दादा, तू मेकॅनिकलवाला हायस, चल उद्यमनगरात." गेलो कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या टायरच्या दुकानात. अर्धा दिवस तिथं घालवल्यावर लक्षात आलं की गिऱ्हाईक टायरची नक्षी बघतंय, दुकानदार नक्षी दाखवतोय आणि टायरच्या बाजूला जे लिहिलेलं असतंय ते कोण वाचतच नाही. खरं तर निर्णय तिथंच असतो. म्हणून हे लिहितोय.

ए/टी, एच/टी, एम/टी ही भानगड काय

एच/टी म्हणजे हायवे टेरेन, शोरूममधनं गाडी येते तेव्हा बहुतेक हाच असतो. एम/टी म्हणजे मड टेरेन, चिखलासाठीचा. ए/टी म्हणजे ऑल टेरेन, ह्या दोघांच्या मधला. हल्ली ए/टी आणि एम/टीच्या मध्ये आर/टी म्हणून अजून एक काढलाय पण तो सध्या बाजूला ठेवू.

कोल्हापूरच्या माणसाला हे फुटबॉलच्या बुटावरनं लगेच कळंल. पावसानं ग्राउंडचा चिखल झालाय, तेव्हा लांब स्टडचे बूट लागतात, स्टड मातीत रुततो आणि पाय धरतो. आता तेच बूट घालून मॅच संपल्यावर फरशीवर चालून बघा. टकटक आवाज येतो, पाय घसरतो, कारण फरशीला टेकतंय काय तर आठ-दहा टोकं. हा झाला एम/टी. साधे सपाट तळाचे चालायचे बूट म्हणजे एच/टी, फरशीवर राजा आणि चिखलात सर्कस. आणि टर्फवर खेळायला बारीक, आखूड, पुष्कळ टोकं असलेले शूज मिळतात ना, ते ए/टी. दोन्हीकडं चालतात, पण दोन्हीकडं पहिला नंबर कधीच नाही. ही शेवटची ओळ दुकानात कोण सांगत नाही.

खाचा जास्त म्हणजे पकड जास्त? रस्त्यावर उलटं

डांबरी रस्त्यावर पकड येते ती रबर रस्त्याला चिकटल्यामुळं. जेवढं रबर टेकंल तेवढं बरं. तिथं खाचांचं काम एकच, पावसाचं पाणी बाजूला काढणं, नाहीतर टायर पाण्यावर तरंगतो. मातीत मात्र चिकटायला काय नाहीच, माती स्वतःच सरकते. तिथं टायर काय करतो तर खाचेत माती पकडतो आणि त्या पकडलेल्या मातीला रेटा देऊन पुढं जातो. म्हणून खोल, रुंद खाचा लागतात. एकच वस्तू, दोन ठिकाणी दोन उलट्या गरजा, आणि त्यामुळं सगळ्या जगातलं टायर डिझाइन म्हणजे रबर किती ठेवायचं आणि मोकळी जागा किती सोडायची ह्याची ओढाताण आहे.

पण माती माती सारखी नसते आणि आपल्या जिल्ह्यात तर अजिबात नाही.

पश्चिमेला शाहूवाडी, राधानगरी, चंदगडकडं तांबडी माती, मुरूम, जांभा. पाऊस बेक्कार पडतो पण पाणी निचरून जातं, वर चिखल असला तरी खाली जरा कडक लागतं. इथं ए/टी खरंच कामाचा. खाचेत खडे-माती धरते आणि चाक फिरलं की सुटून पडते. एच/टीवर भावाची गाडी ज्या चढाला तीनदा मागं यायची तो चढ ए/टीवर पहिल्या गिअरात हळू जातो.

पूर्वेला शिरोळ, हातकणंगल्याकडं काळं रान. ते वेगळंच प्रकरण. एकदा ऊस तोडणी चालू असताना अवकाळी पाऊस पडला आणि आम्ही चांगले नवीन ए/टी असलेली एक गाडी बांधावरनं आत घातली. वीस फुटांत खेळ खलास. खाली उतरून बघतोय तर टायरची नक्षीच दिसत नव्हती, काळा चिकट गाळ खाचेत असा भरून बसलेला की टायर गुळगुळीत, वरनं चकचकीत, जसं काय कणीक थापून ठेवलीय. बोटानं उकरून बघितलं तर नखात बसली पण खाचेतनं निघंना. ए/टीच्या खाचा एवढ्या रुंद नसतातच की असली माती फेकून देतील, एम/टीनं कदाचित अजून वीस फूट गेलो असतो. शेवटी ट्रॅक्टर आला आणि ट्रॅक्टरवाल्या मामांनी दोरी बांधताना टायरकडं बघून एवढंच विचारलं, "कितीला बसला ह्यो?"

तर काळ्या रानात पाऊस झाल्यावर गाडी घालायची असंल तर ए/टीचा विचार सोडा, रान वापसा होईपर्यंत गाडी बांधावर ठेवा.

मातीपेक्षा दगड आणि बुडखे महाग पडतात

ए/टीचा एक फायदा जाहिरातीत कमी दिसतो आणि वापरात जास्त कळतो. बऱ्याच ए/टीमध्ये बाजूचा भाग, म्हणजे साइडवॉल, जाड असतो, आणि रबर असं मिसळलेलं असतं की खडीवर त्याचे तुकडे उडत नाहीत. सहापदरीचं काम चालू असलेल्या पट्ट्यात डायव्हर्जनची खडी, खाणीकडचा रस्ता, जांभ्याच्या कडा, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तोडलेल्या उसाचे बुडखे. कोयत्यानं तिरकं छाटलेलं बुडखं भाल्याच्या टोकासारखं असतं. ट्यूबलेस टायरला मधोमध खिळा गेला तर पंक्चरवाला दहा मिनिटांत दोरी भरून देतो, पण बाजू फाटली की ती दोरीनं दुरुस्त होत नाही, टायर गेला. त्यामुळं ज्याची गाडी रोज फडात किंवा खडीवर आहे त्यानं खाचेच्या खोलीपेक्षा बाजूचे थर किती हे विचारावं. कंपन्या माहितीपत्रकात दोन थर, तीन थर असं लिहितात.

आता ते आकडे

भावाच्या टायरवर होतं २४५/७५ आर१६ १११एस. हे एकदा वाचायला शिकलं की जन्मभर पुरतं.

२४५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, म्हणजे साधारण १८४ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, १६ म्हणजे रिम १६ इंची. इथपर्यंत सगळ्यांना येतं. पुढचा १११ मात्र कोण बघत नाही आणि पिकअपवाल्यासाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा. तो वजनाचा कोड आहे, १११ म्हणजे एक टायर १०९० किलोपर्यंत पेलतो. १०४ असंल तर ९००, १०८ ला १०००, ११५ ला १२१५, १२० ला १४००. शेवटचं अक्षर वेगाचं, एस म्हणजे ताशी १८०, टी म्हणजे १९०, क्यू म्हणजे १६०. आपल्या रस्त्यावर वेगाचा काय प्रश्न येत नाही, वजनाचा येतो.

का येतो ते बघा. पिकअपच्या हौद्यात माल भरला की बहुतेक वजन मागच्या दोन चाकांवर जातं. समजा मागच्या एक्सलवर १९०० किलो आलं तर एका टायरवर ९५०. तिथं दिसायला एकदम तगडा पण १०४ कोडचा टायर टाकला तर तो ९०० चाच आहे, रोज त्याला ५० किलो जास्त. टायर लगेच फुटत नाही, तेच वाईट. आत गरम होत राहतो आणि मे महिन्यात भर उन्हात हायवेला किणी टोलनाक्याच्या आसपास कुठंतरी जातो. म्हणून नियम साधा, दाराच्या खांबावर किंवा मॅन्युअलमध्ये कंपनीनं जो कोड दिलाय त्याच्या खाली कधीच जायचं नाही. नक्षी कितीही आवडू दे.

त्याच साइजमध्ये अजून एक प्रकार मिळतो, पुढं एलटी लिहिलेला आणि कोड १२०/११६ असा. एलटी म्हणजे लाइट ट्रक, ह्याचे थर जास्त. दोन आकडे असतात कारण पहिला एकेरी चाकासाठी आणि दुसरा ट्रकसारखी मागं जोडचाकं असतील तर.

बाजूलाच एम+एस असं पण लिहिलेलं असतं, मड आणि स्नो. त्याच्यासाठी कुठली परीक्षा पास व्हावी लागत नाही, खाचांचा आकार बघून कंपनीच लिहिते. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चित्र असंल तर मात्र बर्फावर टेस्ट झालेली असते. दुकानदारानं ते चित्र दाखवून जास्त पैसे सांगितले तर गगनबावड्याला बर्फ पडल्यावर येतो म्हणून सांगा. आयएसआयचा शिक्का मात्र बघाच, भारतात विकायच्या टायरला तो सक्तीचा आहे.

आणि तारीख. टायरच्या बाजूला डीओटी असं लिहिलेली ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे असतात, २३२४ असंल तर २०२४ सालचा २३ वा आठवडा. "स्कीममधला आहे" म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या टायरची ही ओळ पहिल्यांदा बघायची. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. बाहेरनं आलेले जुने, वापरलेले ए/टी विकतात कोणकोण, नक्षी भरपूर असते पण तारीख बघितली की कळतं.

हवा: वजन रबर पेलत नाही

लोकांना वाटतं टायर जाड म्हणजे वजन जाड रबर पेलतं. नाही, पेलते ती आतली हवा, टायर म्हणजे नुसती तिची पिशवी. एका चाकावर ८०० किलो आणि टायरात ४० पीएसआय हवा असंल तर रस्त्याला टेकणारा तुकडा ढोबळमानानं १७ बाय १७ सेंटीमीटरचा, नाष्ट्याच्या डिशएवढा. असल्या चार डिशवर सगळी गाडी उभी. तीच हवा २० केली की तो तुकडा जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून चिखलात किंवा समुद्राच्या वाळूत अडकल्यावर जाणती माणसं पहिल्यांदा हवा काढतात, १८-२० पर्यंत. एकही पैसा खर्च न करता टायर बदलल्यासारखा फरक पडतो. फक्त हौदा रिकामा असला पाहिजे, हळू जायचं आणि डांबरी लागली की परत भरायची, त्यासाठी गाडीत बॅटरीवर चालणारा छोटा पंप ठेवायचा. कमी हवेवर माल भरून हायवेला गेलात तर टायरची बाजू दुमडून दुमडून आतनं जळते.

आता तो एलटीचा मुद्दा. त्याचे थर जास्त म्हणून तो जास्त हवा सोसतो, आणि जास्त हवा भरली तरच तो जास्त वजन पेलतो. एलटी टायर टाकून जुनीच ३५ हवा ठेवली तर तो साध्या टायरपेक्षा पण कमी वजन पेलतो. पैसे जास्त दिले आणि ताकद कमी केली, हे मी डोळ्यानं बघितलंय. एलटी घेतला तर कुठल्या वजनाला किती हवा हा कंपनीचा तक्ता मागून घ्या, पंपावरच्या पोराला विचारू नका, तो सगळ्यांना एकच सांगतो.

"ॲव्हरेज पडतं म्हणे?"

पडतं. टायर जड असतो, नक्षीचे ठोकळे मोठे असतात, ते रस्त्यावर दबतात-सुटतात त्यात डिझेल जातं. पण साइज मोठा टाकला असंल तर एक गंमत होते. २४५/७५ च्या जागी २६५/७५ टाकला की चाकाचा व्यास ७७४ मिलिमीटरवरनं ८०४ होतो, म्हणजे जवळपास ४ टक्के जास्त. चाक एका फेऱ्यात जास्त अंतर जातं पण मीटरला ते कळत नाही. तुम्ही खरे १०४ किलोमीटर जाता आणि मीटर १०० दाखवतो. मग हिशोबात ॲव्हरेज १२ चं साडेअकरा दिसतं, आणि त्यातलं बरंचसं पडलेलंच नसतं. वेगाचं पण तसंच, मीटरवर ८० असताना चाक ८३ ला टेकलेलं असतं.

मोठ्या साइजचं मला त्यापेक्षा दुसरं आवडत नाही. गिअर सगळे उंच झाल्यासारखे होतात, माल भरून घाट चढताना क्लच जास्त दाबावा लागतो, पूर्ण स्टिअरिंग वळवलं की टायर मडगार्डला घासतो. आणि कंपनीनं मंजूर केलेल्या साइजच्या बाहेर गेलं की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येऊ शकतं, अपघात झाला तर विम्याच्या सर्वेअरच्या हातात आयतं कोलीत.

"पावसात घाटात ब्रेक लागतो का?"

लागतो, पण ओल्या डांबरीवर चांगल्या एच/टीपेक्षा जरा लांब जाऊन लागतो. आंबा घाटात, करूळ घाटात उतरताना हा "जरा" महत्त्वाचा आहे. कारण वर सांगितलंच, टेकणारं रबर कमी आणि ठोकळे ब्रेक मारताना पुढं वाकतात. म्हणून ए/टी निवडताना ठोकळ्यांवर बारीक चिरा आहेत का बघा. त्यांना साइप म्हणतात, सुरीनं काप दिल्यासारख्या दिसतात, ओल्या रस्त्यावर त्यांच्या कडा पाणी पुसून धरतात. ज्या टायरला नुसतेच मोठे ठोकळे आणि चिरा नाहीत तो फोटोत भारी दिसतो, घाटात नको. आणि नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की टायर कायद्यानं संपला, खाचेत त्या उंचीच्या रबराच्या छोट्या पट्ट्या असतातच, पण घाटातल्या पावसाला त्याच्या बऱ्याच आधी बदललेला बरा.

"मागचे दोनच टाकले तर?"

हे भावानं पण विचारलं, पैसे वाचतात ना. पुढं एच/टी, मागं ए/टी म्हणजे ओल्या रस्त्यावर पुढचा टायर वेगळं धरतो, मागचा वेगळं, आणि मागचा आधी सुटला की पिकअपची शेपटी फिरते. रिकाम्या पिकअपची तर आधीच फिरते, मागं वजनच नसतं. फोर बाय फोर असंल तर चारी टायर एकाच मापाचे, एकसारखे झिजलेले पाहिजेतच, नाहीतर फोर व्हील टाकल्यावर पुढची-मागची चाकं वेगळ्या वेगानं फिरायला बघतात आणि ताण गिअरपेटीवर येतो. आणि एकाच एक्सलवर एक नायलॉन, एक रेडियल असला प्रकार तर कधीच नको.

बरं, टू व्हील ड्राइव्हला ए/टीचा उपयोग होतो का? होतो, पण रिकाम्या हौद्यानं चढाला चाक फिरत असंल तर टायरच्या आधी हौद्यात मागच्या एक्सलच्या वर आठ-दहा पोती वाळू टाकून बघा. पोती बांधून ठेवा, नाहीतर ब्रेक मारला की पुढं येतात.

मग भावानं काय घेतलं

मी त्याला महिन्याची डायरी करायला सांगितली. कुठं जातो, किती किलोमीटर, काय माल. निघालं असं की महिन्याच्या हजार-बाराशे किलोमीटरमध्ये तांबड्या मातीचा आणि खडीचा रस्ता जवळजवळ निम्मा. त्याला ए/टी शोभतो. हाच हिशोब दुसऱ्या एका मित्राचा काढला, तो शिरोली एमआयडीसीतनं पुण्याला कास्टिंग पोचवतो, त्याचा कच्चा रस्ता म्हणजे गोडाऊनच्या दारातले वीस मीटर. त्याला सांगितलं, वजनाचा कोड वरचा असलेला एच/टी घे. तो नाराज झाला, त्याला पांढऱ्या अक्षरांचा पाहिजे होता. माझ्या मते कच्चा रस्ता चार आण्याच्या खाली असंल तर ए/टी म्हणजे आवाज आणि डिझेल विकत घेणं आहे, शोभेसाठी घ्यायचा तर घ्या, पैसे तुमचे.

भावानं चार घेतले, २४५/७५ आर१६, कोड १११, चिरा असलेले, त्याच वर्षातल्या तारखेचे. अलाइनमेंट, बॅलन्सिंग केलं. दर ८-१० हजारला पुढचे मागं फिरवायचं ठरलं, ए/टीचे ठोकळे एकीकडनं झिजले की आवाज दुप्पट होतो.

आणि स्टेपनी

पाचवा टायर आम्ही विसरलो. दिवाळीनंतर गगनबावड्याच्या पुढं भुईबावडा घाटात संध्याकाळी मागचा डावा टायर दगडानं कापला. गाडीखालनं स्टेपनी काढली तर पहिल्या मालकानं कधीतरी टाकलेली २३५/७० ची, तारीख २०१४ ची, बाजूला भेगा आणि हवा अंदाजे बारा. पंप होता म्हणून हवा भरली, लावली. मागची दोन चाकं दोन उंचीची, त्यामुळं डिफरन्शिअल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी एक्सलवरची पेटी, सारखं काम करत राहणार म्हणून तीसच्या स्पीडनं गगनबावड्यापर्यंत आणली, एसटी स्टँडजवळ चहा घेतला आणि भावानं तिथनंच दुकानदाराला फोन लावला. दुकानदारानं विचारलं, "आता कुठली नक्षी दाखवू?" भावानं मोबाईलच्या उजेडात टायर पुसला आणि आकडे वाचून दाखवले.